डेटलेफ ओर्मानचं ओळखपत्र

१

वीडेनसील स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसल्या बाकावर एक माणूस मेला, आणि त्याचं कोणाला फारसं नवल वाटलं नाही. सत्तेचाळीस सालचा फेब्रुवारी होता. शेगडी होती, कोळसा नव्हता. गाडी येणार होती, पण कधी येणार ते स्टेशनमास्तरलाही ठाऊक नव्हतं. माणसं वाट बघत बसायची आणि त्यांतला एखादा उठायचाच नाही. झाडूवाल्या बाईने या माणसाला दोनदा पाय वर घ्यायला सांगितलं, आणि मग पोलिसात निरोप धाडला.

टेबेन कुरकुरतच आला. बुटांना तळवे उरले नव्हते, आत पुठ्ठा घातला होता आणि तोही आता भिजला होता. पन्नाशी उलटलेला हा पोलीस. तेहतीस साली नव्या राज्यकर्त्यांनी त्याला नोकरीवरून हाकललं, बारा वर्षं त्याने वीटभट्टीवर काढली, आणि ते राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी त्याला हुडकून पुन्हा पोलिसाची टोपी दिली. त्याचं स्वतःचं शहर बॉम्बनी सपाट झालेलं, म्हणून नेमणूक झाली ती या समुद्रकाठच्या चिखलात. इथे तो कोणाला ओळखत नव्हता, आणि गावालाही त्याची ओळख करून घ्यायची घाई नव्हती.

डॉक्टरांनी मेलेल्याच्या पापण्या उचलून पाहिल्या. "फुप्फुसं गेलेली, अंगात थंडी भरलेली, पोटात अन्नाचा कण नाही. तिन्हींपैकी कुठलं लिहू?" त्यांनी विचारलं. टेबेन म्हणाला, सोपं असेल ते लिहा.

खिशात ओळखपत्र होतं. राखाडी, कापडासारख्या कागदाचं, लढाईच्या काळातलं. तेच सगळ्यांकडे होतं. नवी कार्डं छापायला कागद नाही, म्हणून इंग्रजांनी जुनीच चालू ठेवली होती. फक्त शिक्क्यातला हिटलरी गरुड काळ्या शाईने झाकला की झालं. नाव लिहिलं होतं डेटलेफ ओर्मान, काम समुद्राचं पाणी अडवणाऱ्या दारांची राखण, राहणार वीडेनसील. टेबेनला हायसं वाटलं. गावचाच माणूस, बायको असेल, ती येईल, रडेल, सही करेल, आणि दुपारच्या आत फाईल बंद.

गेझीना ओर्मान बांधावरून चालत आली. चाळिशीची, उंच, डोक्याला घट्ट रुमाल. तिने चादर स्वतःच बाजूला केली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हा नव्हे."

टेबेनने तिला समजावलं, की उपासाने चेहरे ओळखू येत नाहीत, हल्ली असं सगळ्यांचंच होतं.

"भुकेने कान लहान होतात का, हेर टेबेन?" जर्मनीत श्रीयुतांना हेर म्हणतात आणि श्रीमतींना फ्राऊ. " माझ्या नवऱ्याचे कान सुपाएवढे होते. त्यावरून आमच्या लग्नात लोक हसले होते."

कार्डावरच्या फोटोत डावा कान दिसलाच पाहिजे असा त्या काळचा नियम होता. टेबेनने फोटो पाहिला, मग मेलेल्याकडे पाहिलं. दोन्हीकडे तोच कान, नीटस आणि छोटा. फोटो मेलेल्याचा, नाव ओर्मानचं. कार्डावर दोन बोटांचे ठसे होते. त्याने मुडद्याची बोटं शाईत बुडवून ताडून पाहिली. जुळत नव्हती. फोटो बदलणाऱ्याला बोटं मात्र बदलता आली नव्हती.

गेझीनाने कार्ड हातात घेऊन नवऱ्याच्या ठशांवरून अंगठा फिरवला. पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये हे कार्ड खिशात घालून तो घराबाहेर पडला होता, त्यानंतर तिने ना त्याला पाहिलं होतं ना कार्डाला.

"मला पेन्शन नको, काही नको," ती म्हणाली. "तो मेला असेल तर मेला म्हणून सांगा. मला टाकून गेला असेल तर तेही सांगा. पण आता काहीतरी सांगा."

२

वरिष्ठांचं म्हणणं वेगळं पडलं. खून नाही, चोरी नाही, कार्डावर नाव आहे. बाईची सही घ्या आणि पुरून टाका. टेबेनला ते पटलंही असतं, पण त्या बाईने कार्डावरून फिरवलेला अंगठा त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. दुसऱ्या दिवशी तो बांधावरून तिच्या घरी गेला. तिने भाजलेल्या जवाची कॉफी पुढे केली. तिला कॉफी म्हणायचं ते केवळ सवयीने.

त्या एप्रिलच्या सकाळी नवराबायकोचं वाजलं होतं. कशावरून ते तिने सांगितलं नाही. आमचं होतं ते आमच्यात, म्हणाली. तो सायकल काढून तिरीमिरीत निघून गेला. दुपारी विमानं खाली येऊन रस्त्यावर गोळ्या झाडून गेली, तो आवाज तिने इथून ऐकला. संध्याकाळी आपल्याच सैन्याने मागे हटताना पूल उडवला आणि आठवडाभर तिला गावात जाता आलं नाही. जाईपर्यंत मेलेले पुरलेसुद्धा होते. नगर कचेरीत नोंदणी अधिकारी आल्विन श्ट्रोट यांनी स्वतः वही काढून बोट फिरवून दाखवलं. ओर्मान नव्हता. चार बेवारस होते. त्यांचे कपडेही जळाले होते, असं ते म्हणाले.

मग गावाने आपलं काम केलं. ओर्मान पळाला असं ठरलं, आणि पळालेल्याला बाई हवी म्हणून ओल्डेनबुर्गची एक विधवाही गावाने त्याला शोधून दिली. गेझीना दुकानात शिरली की बोलणं थांबायचं.

"एक हेर श्ट्रोट तेवढे बरे वागले," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी कंटाळून गेले होते त्यांच्याकडे. म्हटलं, मेला म्हणून जाहीर करा, अर्ज लिहून द्या. त्यांनी खुर्ची दिली बसायला. म्हणाले, नका करू अर्ज, फ्राऊ ओर्मान. पुरुष परत येतात. उद्या आला तर तुम्हीच त्याला मारलात असं होईल. आणि कालच्या गोष्टीनंतर आज सकाळीच बिचारे बर्फातून इथपर्यंत चालत आले. कागद भरूनच आणला होता. म्हणाले, सही करून टाका, पेन्शन सुरू होईल, किती दिवस असं अधांतरी राहणार."

टेबेनने विचारलं, केलीत का सही?

"परक्या माणसाला मी माझा नवरा म्हणून कशी पुरू? उद्या त्याचीही कोणी येईल शोधत."

डेटलेफ हिटलरच्या पक्षाचा सभासद होता का, असं टेबेनने उठता उठता विचारलं. ती पहिल्यांदाच हसली. पक्षाचा बिल्ला लावला नाही म्हणून तर तो बारा वर्षं त्याच दारांवर राहिला, वर चढला नाही. लाव की एकदाचा, असं तीच त्याच्या मागे लागायची.

टेबेनने खिशातून ते कार्ड काढून उजेडात धरलं. फोटोतल्या माणसाच्या कोटाच्या कॉलरवर बटणाएवढी जागा पात्याने खरवडलेली होती. असे खरवडलेले फोटो त्याने गेल्या दोन वर्षांत शेकड्यांनी पाहिले होते. पक्षाचा बिल्ला असायचा ती जागा होती ती. नवं नाव मिळालेल्या माणसानेही, सगळा देश करत होता तेच, आधी कॉलर साफ करून घेतली होती.

३

नगर कचेरीत रांग होती. खिडकीपाशी एक म्हातारी समुद्रातून वाहून आलेली लाकडं जाळायला परवानगी मागत होती. हेर श्ट्रोट तिला शांतपणे सांगत होते, की तिने लिहून आणलेला कागद पत्र आहे, अर्ज नव्हे. बारीक चणीचा, स्वच्छ कॉलरचा माणूस. कैसरचं राज्य गेलं, प्रजासत्ताक आलं आणि गेलं, हिटलर आला आणि गेला, इंग्रज आले. श्ट्रोट त्याच खुर्चीवर होते.

"नाहीच म्हणणार असाल तर अर्ज कशाला करू?" म्हातारी म्हणाली.

"आजी, नाही म्हणायलाही आधी अर्ज लागतो."

टेबेनलाही त्यांनी जुनी वही बघण्यासाठी एक छोटा अर्ज भरायला लावला, आणि स्वतःची पेन्सिल दिली. मग मात्र मनापासून मदत केली. ते दिवस कसे होते ते सांगितलं. मेलेल्यांना शाळेच्या व्यायामशाळेत ठेवलं होतं, त्यांची कागदपत्रं इस्पितळातल्या सिस्टर थेक्लाने गोळा केली, ती महापौरांकडे गेली, आणि इंग्रज यायच्या आदल्या दिवशी महापौरांनी गळफास लावून घेतला. "काही कार्डं त्यांनी विकली असतील तर मी काय बोलू? मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये," असं म्हणून त्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं.

टेबेनने ओर्मानचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि शेजारी स्वतःचं. त्याचं कार्डही याच कचेरीत काळं झालं होतं, पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात. त्या वेळी रबरी शिक्के नव्हते. दारूच्या बाटलीचं बूच शाईत बुडवून गरुडावर दाबायचे. त्या बुचाला एका कडेला खाच होती, म्हणून गावातल्या प्रत्येक कार्डावरच्या काळ्या गोळ्याचा एक लचका तोडलेला दिसायचा. दोन्ही कार्डांवरच्या गोळ्यांना तोच लचका होता.

म्हणजे महापौर मेल्यानंतर, इंग्रज आल्यानंतर, ओर्मानचं कार्ड याच इमारतीत होतं.

श्ट्रोटनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, की ते बूच त्या उन्हाळ्यात त्यांच्या हातात नव्हतंच. गर्दी फार, म्हणून बाहेर व्हरांड्यात फोटोग्राफर किपला बसवलं होतं. फोटो उचकटणं, चिकटवणं, खरवडणं हाच त्याचा धंदा, त्यालाच विचारलेलं बरं.

४

ल्युडर किप दुकानात कोट, टोपी आणि दोन मफलर घालून बसला होता. टेबेनला पाहताच त्याने टेबलावरचे फोटो उलटे केले. टेबेनने एक सुलटा केला. सध्याच्या नगरसभेतले एक प्रतिष्ठित गृहस्थ हिटलरच्या खास दलाच्या काळ्या गणवेशात होते आणि त्या गणवेशाचा अर्ध्याहून अधिक साधा कोट झाला होता.

"लग्नाचा फोटो आहे," किप म्हणाला. "बायको म्हणते भिंतीवर हवाच. मग नवऱ्याला कपडे शिवून द्यायला नकोत का? मी आता फोटोग्राफर राहिलो नाही हो, शिंपी झालोय."

कार्ड बघितल्यावर मात्र त्याची जीभ अडखळली. बूच त्याच्या हातात होतं हे त्याने कबूल केलं. दिवसभर तो दाबायचा, संध्याकाळी बूच आणि शाई श्ट्रोटच्या खणात जायची. पण समोर माणूस उभा असल्याशिवाय, त्याचा चेहरा फोटोशी ताडल्याशिवाय त्याने एकही कार्ड काळं केलं नव्हतं. शेजारी इंग्रज शिपाई बसायचा. हे खरं की खोटं ते तपासायला तो शिपाई आता मिळणार नव्हता. त्या थंडीतही किपने गळ्यातला एक मफलर सोडला. असल्या आरोपात दुकान गेलं असतं, आणि दुकान गेलं तर कारागिरांना मिळणारं जादा रेशनही गेलं असतं.

त्याने भिंग लावलं आणि हळूहळू त्याला धीर आला. फोटो धातूच्या दोन बारीक कड्यांनी कार्डाला जडवलेला होता, पण त्या फोटोला भोकं चार होती. तो आधी दुसऱ्या कार्डावर होता, मेलेल्याच्या स्वतःच्या. तिथून काढून इथे बसवलेला. आणि कॉलर खरवडलेली.

"मी खरवडत नाही, हेर टेबेन. खरवडलं की कागद उसवतो आणि सगळ्या जगाला कळतं. मी रंग भरतो. हे कुणीतरी अक्षरं खोडायच्या पात्याने केलंय, कचेरीतल्या. इतकं वाईट काम माझ्या नावावर लावू नका."

हे ऐकून टेबेनला बरं वाटायला हवं होतं. पण चांगला कारागीर मुद्दाम वाईट काम करू शकतो, हेही त्याला माहीत होतं. तो दारापर्यंत गेला तेव्हा किपने मागून हळूच विचारलं, की व्यायामशाळेत मुडद्यांचे खिसे कोणी रिकामे केले ते सिस्टरना विचारलंत का.

५

सिस्टर थेक्ला इस्पितळाच्या तळघरात सलगमांची सालं वेचत होती. सालांचं सूप रुग्णांना, आणि सूप संपलं की भांडं धुतलेलं पाणी आपल्याला, असं तिने स्वतःच सांगितलं. हात चालूच ठेवून तिने उत्तरं दिली.

होय, खिसे तिनेच रिकामे केले. सगळी कार्डं बिस्किटाच्या डब्यात घातली आणि डबा महापौरांच्या हातात दिला. खुद्द त्यांच्याच हातात. तेव्हा ते रडत होते.

टेबेनने बेवारशांबद्दल विचारलं. कुठले बेवारस, असं तिने विचारलं. तो म्हणाला, चार जण, कपडे जळालेले, ओळख न पटलेले.

आता मात्र तिचे हात थांबले. "जळालेलं कोणीच नव्हतं. गोळ्या लागलेले होते. आणि बेवारस कुठून असणार? अहो, त्या दिवसांत माणूस संडासालाही कागदाशिवाय जात नव्हता. प्रत्येक चौकावर आपलेच लोक उभे होते. कागद नसला की पळपुटा म्हणून झाडाला टांगायचे. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाच्या खिशात कार्ड होतं. मी एकूण एक डब्यात घातलंय."

मग कबरस्तानात ते चार बिननावाचे क्रूस कोणाचे, असं तिने विचारलं. डब्यातून ज्यांची कार्डं कोणीतरी काढली त्यांचे, हे टेबेनच्या लक्षात आलं. तिथे गावातल्या आया दर रविवारी चार फुलं ठेवून यायच्या, परक्यांची पोरं म्हणून.

डबा महापौरांच्या हातात गेला होता, महापौर मेले होते. बूच किपच्या हातात होतं, पण रात्री ते खणात असायचं. तीन माणसं आणि प्रत्येकाजवळ दुसऱ्याकडे दाखवायला बोट. टेबेन बांधावर एका खुंटावर बसला. बुटातला पुठ्ठा काढून पिळला. वीटभट्टीवर होतो तेव्हा निदान पाय गरम असायचे, असा विचार त्याच्या मनात आला. मग त्याला बर्फातून बांधापर्यंत चालत आलेल्या श्ट्रोटच्या पायांची आठवण झाली, आणि तो पुठ्ठा न घालताच उठला.

६

दुपारची सुट्टी होती. श्ट्रोट टेबलावर रुमाल पसरून सूप पीत होते. टेबेन अर्ज न भरता आत गेला आणि समोर बसला.

घाई न करता त्याने सगळं मांडलं. एखाद्याचं नाव विकत घेऊन दुसरा माणूस जगायला लागला, तर त्याला एकच भीती असते, मूळ मालक उद्या दारात उभा राहील याची. म्हणून बेपत्ता माणसाचं नाव कोणी घेत नाही. मेलेल्याचं घेतात, पण मेल्याची नोंद झालेली नसेल तरच. म्हणजे विकणाऱ्याला दोन गोष्टी हव्यात. ओर्मान मेला हे नक्की ठाऊक असायला हवं, आणि तो मेला हे सरकारला कधीच कळू द्यायचं नाही. पहिली गोष्ट सिस्टरला ठाऊक होती, महापौरांना होती, डबा उघडणाऱ्या कोणालाही होती. दुसरी गोष्ट फक्त एक माणूस सांभाळू शकत होता, आणि त्यासाठी त्या बाईला दोन वर्षं वाट बघत ठेवावं लागलं.

"हेर श्ट्रोट, या खुर्चीवर बसून तुम्ही आजवर किती लोकांना सांगितलंत, की अर्ज करू नका?"

श्ट्रोटनी चमचा खाली ठेवला. 

"लाकडं हवीत, अर्ज करा. पोलीस आलाय, अर्ज करा. नाही म्हणायचंय, तरी अर्ज करा. आणि एकट्या गेझीना ओर्मानला खुर्ची देऊन सांगता, नका करू. मला वाटलं दया आली असेल. पण तो माणूस स्टेशनवर मेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही भरलेला कागद घेऊन बर्फातून चालत गेलात. दोन वर्षं ज्या नवऱ्याला मरू दिलं नाहीत, त्याला एका रात्रीत पुरायची घाई का झाली? नाव वापरणारा संपला होता. आता ते नाव जिवंत ठेवून काही मिळणार नव्हतं, आणि आत परका माणूस घालून कबर बंद केली की कोणी उकरायला येणार नव्हतं."

श्ट्रोटनी सुपाचा वाडगा बाजूला सारला. मग श्ट्रोट बोलायला लागले. आवाज तसाच होता, खिडकीपाशी असायचा तसा. पहिलं कार्ड त्यांनी आपल्या बहिणीच्या मुलासाठी काढलं होतं. अठरा वर्षांचा पोरगा, सैन्यातून पळून आलेला, माळ्यावर लपवलेला. सापडला असता तर झाडाला टांगला असता. महापौर गेल्यावर डबा त्यांच्याच टेबलावर येऊन पडला होता. एक काढलं, आणि एकच बेवारस दिसला तर संशय येईल म्हणून आणखी तीन बाजूला ठेवली. चार बेवारस लिहिले. पोरगा वाचला. मग उन्हाळ्यात कुणीतरी पूर्वेकडून पळून आलेला पक्षाचा साहेब आला, कार्डाच्या बदल्यात द्यायला त्याच्या खांद्यावर डुकराचं मांस होतं, आणि बहीण क्षयाने अंथरुणाला खिळली होती. त्याला कसा वास लागला कोणास ठाऊक. त्याचं खरं नाव त्यांनी विचारलं नाही. या हिवाळ्यात नवी कार्डं निघणार असं ठरलं, त्यासाठी मूळ गावाची खात्री हवी म्हणून तो पुन्हा आला, खोकत. सोमवारी या म्हणून त्यांनी त्याला स्टेशनवर धाडलं.

"मेलेल्याला नावाचा काय उपयोग, हेर टेबेन? मी कोणाच्या तोंडचं काढून घेतलं?"

"ते नाव एकट्या त्याचं नव्हतं. बायकोही तेच लावते."

श्ट्रोटनी मान खाली घातली. ओर्मान कुठे आहे असं टेबेनने विचारलं, तेव्हा वही न उघडता त्यांनी सांगितलं: कबरस्तानाच्या भिंतीकडून दुसरा. चारही कुठे आहेत ते त्यांना तोंडपाठ होतं. उरलेली दोन कार्डं त्यांनी खणातून काढून दिली, आणि ती मिळाल्याची पोच लिहून मागितली. टेबेनने ती लिहून दिली, कारण त्याच्यात नाही म्हणायचं त्राण नव्हतं.

७

गेझीना रडली नाही. तिने सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं, मग स्टुलावर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"दोन वर्षं मी त्याला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "रोज. चूल पेटवताना, दारं उघडताना. त्या ओल्डेनबुर्गच्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण ती कुठले कपडे घालते ते मला माहीत होतं. आणि हा भिंतीजवळ पडला होता. मी फुलंसुद्धा ठेवली असतील तिथे."

टेबेनने टोपी काढली. मेला होता, टाकून गेला नव्हता. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. पण ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि त्याला कळलं, की त्याने अर्धंच उत्तर आणलंय.

"मेला, ते कळलं. पण त्या रस्त्यावर तो कुठल्या बाजूला निघाला होता, हेर टेबेन? सकाळी निघाला आणि मेला दुपारी. इतका वेळ होता कुठे? तो परत येत होता, की जात होता? तेही गाव म्हणतं तसंच असेल तर मला आत्ताच सांगून टाका."

हे कुठल्याच वहीत नव्हतं. टेबेन तसाच इस्पितळात गेला. सिस्टर थेक्लाला सुपाएवढे कान सांगितल्यावर तिला माणूस लगेच आठवला. कुठल्या बाजूला तोंड होतं ते तिला सांगता येईना. गाडीतून आणलेल्या माणसाला तोंड कुठलं. मग ती थोडी ओशाळली आणि तिने एक गोष्ट सांगितली, ती अजून कोणाजवळ बोलली नव्हती.

तो पुन्हा बांधावर पोचला तेव्हा गेझीना तशीच स्टुलावर होती.

"त्याच्याबरोबर आणलेल्या सायकलच्या मागे एक कोंबडी बांधलेली होती," टेबेन म्हणाला. "पाय बांधून, पोत्यात. तिला काहीसुद्धा झालं नव्हतं. सिस्टरांनी ती ठेवून घेतली. महिनाभर अंडी देत होती, रुग्णांना. तुमची माफी मागितलीय त्यांनी."

गेझीनाने तोंडावर हात दाबला. खूप वेळाने तो काढला.

"आमची शेवटची कोंबडी त्याने निर्वासितांना देऊन टाकली होती. त्यावरूनच भांडलो. मी म्हटलं, कोंबडी आणल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस." ती थांबली. "कुठल्या रंगाची होती?"

टेबेनने विचारलं नव्हतं. इतकी वर्षं पोलिसात काढून त्याला ते सुचलं नव्हतं. मी पुन्हा जाऊन विचारून येतो, असं म्हणून तो उठला.

"नको, बसा. पाय बघा तुमचे," ती म्हणाली, आणि चुलीवर कॉफीचं भांडं ठेवायला वळली. त्याच्याकडे पाठ करूनच ती हळू म्हणाली, "मग येतच होता तो."